किडनी रोपणाचा रुग्ण, घोट्यावर न दुखणारी गाठ: इट्राकोनाझोल सुरू करू का?

मुलुंड_जीपी

नमस्कार. एका रुग्णाबद्दल सल्ला हवा आहे.

पुरुष, वय ५२, वजन ६० किलो. किडनी रोपणाला अडीच वर्षं झाली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू: टॅक्रोलिमस २ मिग्रॅ दोनदा, मायकोफेनोलेट ५०० मिग्रॅ दोनदा, प्रेडनिसोलोन ७.५ मिग्रॅ सकाळी. रोपणानंतर डायबिटीस लागला, ग्लिमेपिराइड चालू आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. शिवाय आम्लासाठी पँटोप्राझोल, रक्तदाबासाठी अमलोडिपिन आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची तपासणी) १.४ वर स्थिर.

उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला ३ सेंमीची गाठ, साधारण दोन महिने झाले. दुखत नाही, हाताला गरम लागत नाही, ताप नाही. दाबली की आत पातळ काहीतरी हलतं. वरची कातडी जांभळट. जूनअखेर कोकणात गावी भाताच्या लावणीला अनवाणी उतरले होते, काटा रुतल्याचं मात्र आठवत नाही.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ७ दिवस आणि मग क्लिंडामायसिन १० दिवस देऊन झालं, काडीचा फरक नाही. बुरशीची शंका येते आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रिपोर्टची वाट पाहताना बुरशीवरचं इट्राकोनाझोल २०० सुरू केलं तर चालेल का? गाठ क्लिनिकमध्येच चिरून पू काढू का? आणि नमुना कसा, कशात पाठवायचा? रोपण युनिटची तारीख तीन आठवड्यांनी आहे.

त्वचा_परळ

इट्राकोनाझोल आज नको. गाठ चिरायची तर अजिबात नाही. नमुना मात्र याच आठवड्यात गेला पाहिजे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिला संशय फिओहायफोमायकोसिसचा (थोडक्यात फिओ, काळ्या बुरशीचा कातडीखालचा आजार). मातीत, कुजक्या लाकडात, काट्यांवर वाढणाऱ्या मेलॅनिनवाल्या, म्हणजे काळ्या रंगद्रव्याच्या बुरशी असतात: एक्सोफियाला, अल्टरनेरिया, कर्व्हुलेरिया, मेडिकोप्सिस वगैरे. बारीकशी कुसळ कातडीखाली जाते, जखम दोन दिवसांत भरते, माणूस विसरून जातो. धडधाकट माणसात पांढऱ्या पेशी तिथेच तिचा निकाल लावतात. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेटमुळे टी-पेशी दबलेल्या, प्रेडनिसोलोन आणि साखरेमुळे पांढऱ्या पेशींचं गिळण्याचं काम मंदावलेलं, म्हणून बुरशी आत तग धरते आणि शरीर तिच्याभोवती भिंत बांधून ठेवतं. गाठ दुखत नाही याचं कारणही तेच, दाह उठायला लागणारी यंत्रणाच आपण औषधांनी शांत केलेली असते. पाय, गुडघा, हाताची बोटं या नेहमीच्या जागा.

चिरायचं नाही ते यासाठी, की भिंत फुटली की आतला पू आजूबाजूच्या चरबीत सांडतो, भोक भरत नाही, नाडीव्रण (सतत वाहणारी जखम) होतो, आणि पुढे सर्जनला एका नीट गाठीऐवजी चार कप्पे शोधत बसावं लागतं. या आजाराचा खरा उपाय भिंतीसकट अख्खी गाठ काढणं हाच आहे. गोळ्या त्याच्या जोडीला.

आधी सोनोग्राफी करा, एक्स-रेवर थांबू नका. लाकडाची कुसळ एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत पांढरी रेघ आणि मागे सावली अशी दिसते. मग १८ नंबरच्या सुईने गाठीच्या बाजूच्या चांगल्या कातडीतून आत शिरून पू ओढा. पू दाट असतो, बारीक सुईतून येत नाही. वरून सरळ टोचलं तर पातळ झालेली कातडी तिथेच फुटते. स्पिरिट लावल्यावर पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटमधून सुई गेली तर बुरशी कल्चरमध्ये उगवायची नाही.

बायोप्सीचा विचार असेल तर कडेवरून ४ मिमीचे दोन पंच (गोल पात्याने काढलेले तुकडे), चरबीपर्यंत खोल. एक १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. दोन्ही तुकडे सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकले जातात ही फार वेळा होणारी चूक आहे, फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून काहीच उगवत नाही. त्यामुळे बाटल्यांवर नावं आधी लिहा, पंच मागाहून घ्या.

आणि बुरशी म्हणून ठरवून टाकू नका. नोकार्डिया, टीबी आणि टीबीच्या जातकुळीतले जंतू असेच दिसतात. या रुग्णांत त्वचेचा कॅन्सर आणि लिम्फोमाही होतो. रोपणाच्या रुग्णाच्या अंगावर दोन आठवड्यांत न बसणारं काहीही असलं तरी माझा नियम एकच, आधी तुकडा आणि मग औषध.

बुरशी_लॅब

नमुन्याबद्दल थोडं, कारण निम्मे रिपोर्ट पाठवण्यातच वाया जातात.

स्वॅब पाठवू नका. कापसाच्या बोळ्यावर बुरशीचे धागे चिकटून राहतात, प्लेटवर उतरत नाहीत. पू असेल तर सुई काढून सिरिंजला टोपण लावून तशीच द्या. दोन तासांत पोचवा, फ्रीजमध्ये ठेवू नका. म्युकरच्या (रक्तवाहिन्या बंद करून मांस मारणाऱ्या बुरशीच्या) गटाला थंडी सोसत नाही, आणि नेमकी तीच बुरशी निसटली तर सगळ्यात महागात पडते.

फॉर्मवर ठळक लिहा: 'किडनी रोपणाचा रुग्ण, काळ्या रंगाच्या बुरशीची शंका, कल्चर ६ आठवडे ठेवावे'. हे लिहिलं नाही तर अल्टरनेरिया किंवा कर्व्हुलेरिया उगवली तरी हवेतून पडलेली म्हणून टाकून दिली जाते. केओएचमध्ये (नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची तपासणी) धागे दिसले आणि कल्चरमध्येही तीच बुरशी आली, तर ती रोगाचीच. सायक्लोहेक्झिमाइड नसलेल्या साबुरोवर (बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर) लावायला सांगा, कारण त्या औषधाने क्रिप्टोकॉकस, अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर या बुरशी दबतात. एक ट्यूब २५ अंशांवर आणि एक ३७ अंशांवर. त्याच नमुन्यातून ग्रॅम रंग, साधं कल्चर, टीबीसाठी जीनएक्सपर्ट आणि एमजीआयटी कल्चर, नोकार्डियासाठी सौम्य अ‍ॅसिडचा झेडएन रंग, हे सगळं एकाच फॉर्मवर मागा.

केओएचचं उत्तर त्याच दिवशी मिळतं. फिओमध्ये पेशी फिक्या चहाच्या रंगाच्या दिसतात, रंग न टाकता. धाग्यांत आडवे पडदे, मध्येच माळेतल्या मण्यांसारखे फुगवटे, काही सुट्या गोल पेशी. म्युकरमध्ये धागा रुंद, वळलेल्या फितीसारखा, पडदे जवळपास नाहीत, फांदी काटकोनात. अ‍ॅस्परजिलसमध्ये धागा बारीक, पडदे स्पष्ट, फांदी ४५ अंशांत. पॅथॉलॉजीच्या साध्या स्लाइडवर तपकिरी रंग कधी कधी इतका फिका असतो की दिसतच नाही, तेव्हा फॉन्टाना-मॅसन रंग करायला सांगा. त्यात मेलॅनिन काळं उठून दिसतं.

एक्सोफियाला प्लेटवर सुरुवातीला ओल्या डांबराच्या ठिपक्यासारखी येते. यीस्टसारखी चकचकीत असल्यामुळे तिथेच फसगत होते. आठ-दहा दिवसांनी तिच्यावर हिरवट-काळी मखमल चढते. प्लेट उलटी केली तर मागची बाजूही काळी, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी. जात नक्की करायला सिक्वेन्सिंग लागू शकतं, पण उपचार त्यासाठी अडत नाही.

म्युकरच्या शंकेचा तुकडा कुटायचा नाही, बारीक कापून लावायचा. कुटला की पडदे नसलेले धागे फुटतात आणि मरतात, मग केओएच पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह असा घोळ होतो. बीटा-डी-ग्लुकन (बुरशीची रक्ततपासणी) म्युकर आणि क्रिप्टोकॉकसमध्ये निगेटिव्ह येतं, त्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नका.

केईएम, सायन, नायर, जेजे, कुठेही पाठवा, पण आधी मायक्रोबायोलॉजी विभागात फोन करून नमुना कधी घेतात ते विचारा. शनिवारी दुपारी पाठवलेला पू सोमवारपर्यंत खिडकीतच पडून राहतो.

नेफ्रो_दादर

तीन आठवडे थांबू नका, युनिटला आजच फोन करा. आणि इट्राकोनाझोल कुणीही, कुठल्याही कारणाने, युनिटला न सांगता सुरू करू नये. हे कळकळीने लिहितोय, कारण यात किडनी जाते.

टॅक्रोलिमस यकृतात आणि आतड्यात सीवायपी३ए४ या एन्झाइमने मोडलं जातं. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, फ्लुकोनाझोल, सगळी बुरशीविरोधी अ‍ॅझोल हे एन्झाइम अडवतात. डोस तोच राहतो, रक्तातली लेव्हल मात्र दोन-तीन पट चढते. हात थरथरतात, डोकं दुखतं, पोटॅशियम वाढतं, पाठोपाठ क्रिएटिनिन. दुसरी बाजू तितकीच वाईट आहे. लेव्हल चढली म्हणून टॅक्रो कमी केलं आणि चार महिन्यांनी रुग्णाने इट्रा स्वतःहून बंद केलं, तर टॅक्रोची लेव्हल जमिनीवर येते आणि रिजेक्शन होतं, म्हणजे शरीर किडनी नाकारतं.

व्होरी किंवा पोसा सुरू करताना टॅक्रो एक तृतीयांशावर आणतात. इट्रासाठी बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास, म्हणजे या रुग्णात १ मिग्रॅ दोनदा, पण आकडा युनिटने ठरवायचा. सुरू करण्याआधी एक लेव्हल, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग दोन आठवडे आठवड्यातून दोनदा. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये. गोळी घेऊन लॅबला आलेल्या रुग्णाची लेव्हल खोटी असते आणि त्यावरून डोस बदलणं घातक. इट्रा बंद केल्यावरही त्याचा अंमल एक-दोन आठवडे राहतो, म्हणून टॅक्रो एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने वाढवायचं. सिरोलिमसवरच्या (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या आणखी एका औषधावरच्या) रुग्णाला व्होरी देतच नाहीत.

या रुग्णाच्या यादीत आणखी अडचणी आहेत. पँटोप्राझोलमुळे पोटातलं आम्ल कमी होतं आणि इट्राची कॅप्सूल विरघळत नाही. पँटोप्राझोलची खरंच गरज आहे का ते पाहा, नसेल तर बंद करा, आणि कॅप्सूल भरपेट जेवणानंतरच. दोन आठवड्यांनी इट्राची लेव्हल करा, कारण सगळ्या कंपन्यांची कॅप्सूल सारखी शोषली जात नाही. एकदा जमलेली कंपनी बदलू नका. अ‍ॅटोर्वास्टॅटिनऐवजी रोसुव्हास्टॅटिन, नाहीतर स्नायू दुखायला लागतात. अमलोडिपिनचा अंमल वाढतो, पाय सुजतात, आणि ती सूज गाठीची समजली जाते. हृदय कमजोर असेल तर इट्रा नकोच, आधी इको (हृदयाची सोनोग्राफी). पुढे कधी फ्लुकोनाझोल द्यावं लागलं तर ग्लिमेपिराइडमुळे साखर झपकन खाली जाऊ शकते.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनही टॅक्रो चढवतात. रिफाम्पिसिन उलट पार खाली पाडतं. तोंडातल्या कँडिडासाठी लिहून दिलेलं क्लोट्रिमाझोलही गिळलं जातं आणि आतड्यात हेच करतं, तिथे निस्टॅटिन बरं. मायकोफेनोलेट कमी करायचं असेल तर आम्ही करू. प्रेडनिसोलोन अचानक कुणीही थांबवू नका.

स्किन_ओपीडी_ठाणे

या रुग्णाशी थेट संबंध नाही, पण धागा उपयोगी आहे म्हणून विचारते. रोपणाच्या रुग्णाला साधा गजकर्ण झाला तर टर्बिनाफिन सुरक्षित ना? आणि कुठली गाठ किंवा चट्टा त्याच रात्री भरती करण्यासारखा समजायचा?

त्वचा_परळ

गजकर्णात टर्बिनाफिन टॅक्रोशी जवळपास भांडत नाही, म्हणून पहिली पसंती. पण क्रिएटिनिन क्लिअरन्स ५० च्या खाली असेल तर टाळा, आणि या रुग्णांत तो बरेचदा खालीच असतो. शिवाय आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी टर्बिनाफिनला जुमानत नाही. लहान चट्ट्याला ल्युलिकोनाझोलसारखं नुसतं मलम पुरतं, कडेच्या बाहेर २ सेंमीपर्यंत लावायचं. केमिस्टकडून आणलेली क्लोबेटासोल मिसळलेली ट्यूब घरात सापडली तर ती आधी केराच्या डब्यात. पायांवर चट्ट्याबरोबर गाठी असतील तर बुरशी केसांच्या मुळांतून आत उतरलेली असते, तिथे मलम पुरत नाही, तुकडा घ्या. छातीवरच्या शिब्यासाठी मात्र गोळी कधीच नको, किटोकोनाझोल शाम्पू पुरे.

इन्फेक्शन_सायन

त्याच रात्रीचं मी लिहितो.

म्युकर: जखमेची, सुईच्या जागेची किंवा चिकटपट्टीखालची कातडी लाल, मग जांभळी, मग काळी, आणि हे तासांच्या हिशोबात. पेनाने कडेवर रेघ मारा. सहा तासांत लाली रेघेपलीकडे गेली की सर्जनला उठवा. व्होरिकोनाझोल म्युकरवर काम करत नाही. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन ५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ६० किलोला रोज ३०० मिग्रॅ, ५० च्या सहा व्हायल. प्रत्येक व्हायलमध्ये १२ मिली निर्जंतुक पाणी, जोरात हलवायचं, फिल्टरमधून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाईनमध्ये कधीच नाही, गोळे होतात. किडनी वाचवायला आधी सलाईन देता तेव्हा मधली नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन सुरुवातीला रोज. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन रोपणाच्या किडनीला देऊ नये. आणि काळा भाग कापून काढल्याशिवाय औषध तिथे पोचत नाही, कारण ही बुरशी रक्तवाहिन्याच बंद करते.

२०२१ मध्ये पेपरांनी म्युकरला 'काळी बुरशी' म्हटलं. काळं दिसतं ते मेलेलं मांस, बुरशी रंगहीन. खरी काळी बुरशी वरच्या गाठीतली. रुग्णांचा आणि कधी कधी आपलाही गोंधळ होतो, आणि दोघांचं औषध वेगळं आहे, म्हणून फॉर्मवर 'काळी बुरशी' एवढंच लिहू नका.

क्रिप्टोकॉकस: पायावर सेल्युलायटिससारखी (कातडीच्या जंतुसंसर्गासारखी) लाल, गरम, दुखरी सूज, अँटिबायोटिकला न ऐकणारी. किंवा तोंडावर मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे दाणे, अगदी मोलस्कमसारखे (कातडीच्या एका विषाणूच्या दाण्यांसारखे). ही कातडीची बुरशी समजू नका, बहुतेकदा ती फुप्फुसातून कातडीवर आलेली असते. रक्तातलं क्रिप्टोकॉकल अँटिजेन पट्टीवर दहा मिनिटांत कळतं. पॉझिटिव्ह आलं तर डोकं दुखत नसलं तरी पाठीतलं पाणी काढा, दाब मोजा, छातीचा सीटी करा. आतपर्यंत पसरलेलं असेल तर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन ३ ते ४ मिग्रॅ प्रति किलो आणि फ्लुसायटोसिन, किमान दोन आठवडे, मग अनेक महिने फ्लुकोनाझोल. कॅस्पोफंजिनच्या गटातल्या बुरशीविरोधी औषधांचा इथे काही उपयोग नाही. आणि घाबरून इम्युनोसप्रेशन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) एकदम काढून घेऊ नका. प्रतिकारशक्ती झटक्यात परतली की दाह उसळतो आणि किडनीही जाऊ शकते.

मूळ प्रश्नातल्या रुग्णाचंही अँटिजेन आणि छातीचा फोटो करून घ्या, स्वस्तात होतं.

ट्रान्सप्लांट_सिस्टर

घरच्यांना काय सांगायचं ते लिहिते, कारण डॉक्टरांच्या ओपीडीत तेवढा वेळ नसतो.

गाठ दाबायची नाही, शेकायची नाही. हळद, कोरफड, पाल्याचा लेप काही लावायचं नाही, पाल्याबरोबर मातीतली बुरशीच जखमेवर जाते. सुईच्या जागी कोरडं गॉज आणि सैल बँडेज. चिकटपट्टी थेट कातडीवर ओढून लावू नका, स्टेरॉइडवरची कातडी पट्टीबरोबर सोलून येते आणि नवीन दार उघडतं.

साचलेल्या पाण्यातून जावं लागलंच तर घरी आल्यावर साबणाने गुडघ्यापर्यंत धुवा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा, उजेडात आरशाने तळवे बघा. ओले बूट दुसऱ्या दिवशी घालायचे नाहीत, दोन जोड ठेवा. गणपती तोंडावर आहेत. मखराचे बांबू तासणं, विसर्जनाला वाळूत अनवाणी उतरणं, मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणं, हे रोपणाच्या माणसाने करू नये. देवळात आत जाताना चप्पल काढावीच लागते, तेव्हा मोजे घाला आणि बाहेर आल्यावर बदला. कुंडीची माती हातमोजे घालूनच.

कबुतरं: खिडकीच्या छज्ज्यावरची विष्ठा कोरडी झाडू नका, धूळ उडते आणि क्रिप्टोकॉकस तीतूनच छातीत जातो. ओली करून, मास्क लावून, घरातल्या दुसऱ्या माणसाने काढावी.

आणि गोळ्यांची पिशवी दर वेळी सोबत आणायला सांगा. केमिस्टने सर्दीसाठी दिलेल्या अँटिबायोटिकची स्ट्रिप त्यातच सापडते.

मुलुंड_जीपी

सर्वांचे मनापासून आभार. युनिटने दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. सोनोग्राफीत भिंत असलेली गाठ, आत ६ मिमीची पांढरी रेघ आणि मागे सावली. हाडापासून लांब. पू दाट, तपकिरी, ३ मिली. केओएचमध्ये फिक्या तपकिरी रंगाचे पडदेवाले धागे. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह, अँटिजेन निगेटिव्ह, छातीचा फोटो साफ. कल्चर लागलंय. शस्त्रक्रिया पुढच्या बुधवारी. इट्रा आधी की नंतर, आणि किती दिवस?

त्वचा_परळ

छान झालं. गाठ एकटी आहे, रुग्ण स्थिर आहे, तेव्हा आधी शस्त्रक्रिया. सर्जनना सांगा, भिंत न फोडता चांगल्या ऊतीच्या कडेसकट काढायची आणि तिथेच टेबलावर उघडून बघायची. कुसळ सापडली तर ती सलाईनमध्ये कल्चरला, बाकीच्या गाठीचे दोन भाग, अर्धा फॉर्मॅलिन आणि अर्धा सलाईन. कुसळ सापडली नाही तर जखम शिवण्याआधी पुन्हा शोधा, सोनोग्राफीत दिसली आहे. आत काही राहिलं असण्याची शंका असेल तर त्यांनी तसं नोटमध्ये स्पष्ट लिहावं, गोळ्यांचे महिने त्यावर ठरतात.

इट्रा शस्त्रक्रियेनंतर, २०० मिग्रॅ दोनदा, नेफ्रोने टॅक्रोचा नवा डोस लेखी दिल्यावरच. साधारण तीन ते सहा महिने. यकृताच्या तपासण्या महिन्याला. टाके १४ दिवस ठेवा, स्टेरॉइडवर जखम उशिरा धरते, दहाव्या दिवशी काढले तर उसवते.

नेफ्रो_दादर

बुधवारी सकाळी रिकाम्या पोटी असले तरी टॅक्रोची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची, भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवा. आणि त्याच दिवशी रक्त काढणार असाल तर गोळीच्या आधी काढा, तीच आपली इट्राआधीची लेव्हल.